कॉलरमधला निळा दोरा

कारखान्यात तिला सगळे नमुनेबाई म्हणत. परदेशातून शर्टांची ऑर्डर मिळवायची तर आधी एक नमुना पाठवावा लागे, आणि तो शिवायचा मान तिचा. नवरा चिडवायचा, "आमच्या घरातही एकच नमुना आहे, तेवढा पुरे." तो पूर्वी कुलपांच्या कारखान्यात होता. बाहेरची स्वस्त कुलपं आली आणि त्याच्या कारखान्यालाच टाळं लागलं. आता तो एका इमारतीच्या दाराशी पहारा करी, आणि दर निवडणुकीत बाहेरचा माल बंद करू म्हणणाऱ्यांना मत देई. ती मत देई ते बाजार खुला ठेवू म्हणणाऱ्यांना, कारण परदेशी ऑर्डरींवरच तर घर चाललं होतं. यावरून दोघांची चांगलीच जुंपायची.

मतदानाच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिच्यापुढे एक पांढरा शर्ट टाकला.

"दुसऱ्या देशातला आहे, बाई. आपल्यापेक्षा स्वस्तात देतायत. उसवून बघा जरा, कुठे वाचवतात ते."

तिने कॉलर उसवली. टोकात निळ्या दोऱ्याचा तुकडा होता.

कॉलरचं टोक नीट यावं म्हणून ती शिवताना आत निळा दोरा घाली, त्या दोऱ्याने टोक बाहेर ओढी आणि मग दोरा उपसून टाकी. गेल्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकांना पाठवायला मालकांनी तिचं काम कॅमेऱ्यात टिपून घेतलं होतं. त्या दिवशी नमुनेबाई केसबिस विंचरून तोऱ्यात बसल्या, कॅमेऱ्यापुढे गडबडल्या आणि दोरा काढायचाच विसरल्या. ते चित्रण बघून तिकडच्या कुणा बिचारीने ती चूकही इमानेइतबारे शिवली होती. नमुनेबाईला तिचा राग येईना, नुसती भीती वाटत राहिली. ती हिच्याहून स्वस्त, आणि उद्या तिच्याहूनही स्वस्त कुणीतरी निघणारच.

"काय सापडलं?"

"काही नाही, साहेब. आपल्यासारखंच शिवलंय."

"मग आपल्यालाही स्वस्त व्हावं लागेल," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मत देताना तिला नवऱ्याची कुलपं आठवली; आता शर्टांचीही तीच गत होणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याच्या पक्षापुढचं बटण दाबलं, आणि बाहेर येता येता ती धास्तावली. बाहेरचा माल बंद झाला आणि तिकडच्यांनी चिडून ऑर्डरीही बंद केल्या तर? नवरा मतदान केंद्राच्या फाटकाशी उभा होता.

"आज मी तुझ्या लोकांना मत दिलं," चालता चालता तो म्हणाला.

"का?"

"काल झोपेत रडत होतीस. माझं काम तर गेलंच. तुझं तरी राहू दे."

सगळं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं, पण जीभ रेटेना.

"तू नेहमीच्यांनाच दिलंस ना?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि त्याची बाही घट्ट धरून चालत राहिली.