निळ्याचं बाळंतपण

आमच्या घरी त्या आठवड्यात दोन बाळंतपणं व्हायची होती आणि त्यातलं एकच मला माहीत होतं.

माहीत होतं ते माझ्या मुलीचं, पल्लवीचं. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, म्हणून सातव्या महिन्यातच तिला चामोर्शीला घेऊन आलो होतो. दुसऱ्या बाळंतपणातली जोडी आमच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी काचेच्या टाकीत राहायची. फायटर म्हणतात त्या माशांना. नर निळाशार, शेपटी अशी की नवरदेवाचा शेला मागे लोळतोय. मादी लाल, आखूड शेपटीची, पदर खोचून कामाला लागलेल्या बाईसारखी. पल्लवीनं त्यांची नावं निळ्या आणि लाली ठेवली होती.

मासे आणले जावयानं. मंगेश मुलचेऱ्याला कृषी सहायक आहे. पोरगा सालस, पण त्याला एक खोड आहे: बायकोची काळजी चारचौघांत करतो. तिचं मन रमावं म्हणून चंद्रपूरहून टाकीसकट मासे घेऊन आला, टाकीच्या मधोमध जाळीची पट्टी बसवली आणि मला तीनदा बजावलं की ही पट्टी काढायची नाही, एकत्र आले की भांडतात. आता मी सारी हयात शाळेत विज्ञान शिकवलं. गांडुळापासून बेडकापर्यंत सगळं फळ्यावर काढून दाखवलं (बेडूक जरा पोळीसारखा यायचा, ते सोडा). आणि हा मला माशांचं सांगतो!

नववा महिना लागला आणि मंगेश मोठी बॅग घेऊन दारात उभा. रजा टाकून आला होता. म्हणाला, पल्लवी मोकळी होईस्तोवर इथेच राहतो. मी त्याला पोहे खाऊ घातले, चहा पाजला आणि मग समोर बसवून आपली रीत समजावून सांगितली.

"जावईबापू, बाळंतपणात बाप्या माणसाचं काय काम? तुमी आता मुलचेऱ्याले जा. बाळ झालं का मी फोन करतो. बारशाले या आरामात."

मंगेशनं पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीनं भिंतीकडे पाहिलं. माझी बायको सुमन माझ्याकडे पाहत होती, आणि ते पाहणं मला चांगलं कळतं, फक्त कळलं नाही असं दाखवायची मला सवय आहे. मंगेशनं मुकाट्यानं बॅग उचलली आणि गेला. पल्लवी दोन दिवस माझ्याशी हूं आणि नाई यापलीकडे बोलली नाही. मला काही गैर वाटलं नाही. माझ्या सासऱ्यांनीही मला असंच परत पाठवलं होतं आणि मी एका शब्दानं तक्रार केली नव्हती. (खरं सांगायचं तर घरी येऊन गाढ झोपलो होतो.)

पण मन मोठं विचित्र असतं. ते दोन मासे दिवसभर जाळीला तोंड लावून एकमेकांकडे पाहायचे. निळ्या इकडून यायचा, लाली तिकडून यायची, मधे ती मेली जाळी. मला बघवेना. अरे, लग्नाची जोडी अशी ताटातूट करून ठेवायची? आपल्याला काळीज आहे की नाही? एका दुपारी मी पट्टी काढून टाकली. पल्लवी समोरच खुर्चीत बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि मग उठून आत गेली. मला वाटलं, माझी दया बघून तिला भरून आलं असेल.

थोडी पळापळ झाली, लाली झाडामागे लपली, मग सगळं शांत. दुपारच्या झोपेत घरघर नको म्हणून मी हवेचा पंपही बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर फेस. टाकीच्या कोपऱ्यात, हातावर मावेल एवढा, बारीक बारीक बुडबुड्यांचा. मी सुमनला विचारलं, टाकीत भांड्याचा साबण कोणी टाकला? तिनं मला विचारलं की सकाळी सकाळी काही घेतलं का? मी चहाची गाळणी आणली आणि फेस काढून टाकला. संध्याकाळी पुन्हा फेस, तोही पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा गाळणी. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची टाकून पहारा बसवला तेव्हा चोर सापडला. निळ्याच! वर यायचा, हवा गिळायचा, तोंडातून एक बुडबुडा काढून दुसऱ्याशेजारी चिकटवायचा. मग परत खाली, परत वर. गवंडी विटेवर वीट ठेवतो तसं त्याचं चाललेलं. मी निदान सहा वेळा त्याचं घर गाळणीनं मोडलं असेल. त्यानं एकदाही हात टेकले नाहीत. मी कितीदा मोडतो हे त्यानं मोजलंच नाही, तो आपला बांधत राहिला. मी थकलो आणि गाळणी ठेवून दिली. (चहाला दोन दिवस वास येत होता. सुमननं विचारलं, मी दूध नासलं असेल म्हणालो.)

चौथ्या दिवशी सुमन भावाच्या गावी गेली, बाळंतिणीच्या लाडवांसाठी धावड्याचा डिंक आणायला. तिचं माहेर वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याजवळ. ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोर. बापाच्या मागे नदीवर, तलावांवर फिरून वाढलेली. म्हणजे माशांचं खरं ज्ञान घराबाहेर गेलं आणि फळ्यावरचं ज्ञान घरात उरलं. नेमकी तीच दुपार.

पल्लवीनं हाक मारली, "बाबा, पाहा न, निळ्या काय करून राह्यला."

मी काचेला नाक लावून पाहिलं. निळ्यानं लालीला विळखा घातला होता. अख्खं अंग वाकवून तिच्याभोवती गुंडाळलेलं. विळखा सुटला तर लाली आडवी, निपचित, मेल्यासारखी तरंगतेय. आणि तिच्या अंगाखालून पांढरे कण गळतायत, खसखशीएवढे. निळ्या खाली झेपावला आणि ते कण पटापट तोंडात घ्यायला लागला.

झालं! विज्ञान शिक्षक जागा झाला. ती अंडी होती. बाईला अर्धमेली करून हा राक्षस स्वतःची अंडी खात होता! मी लोणच्याची रिकामी बरणी आणली, टाकीचं पाणी भरलं, गाळणीनं निळ्याला पकडलं (अर्धा पाऊण तास लागला, माझा सदरा कोपरापर्यंत भिजला) आणि बरणीत टाकला. मग पल्लवीला, ती पोटावर हात ठेवून हे सगळं पाहत असताना, मी मोठ्या समाधानानं सांगितलं, "आता माय आपल्या लेकरांपाशी निवांत राहील. बाप्याचं कामच नाई इथी."

माय निवांत राहिली. शुद्धीवर आली, झाडाभोवती एक फेरी मारली, फेसापाशी गेली आणि एक अंडं खाल्लं. मला वाटलं नजर चुकली. तिनं दुसरं खाल्लं. मग तिसरं. बुंदी खावी तशी एकेक टिपत होती. बरणीत निळ्या काचेवर धडका मारत होता. मी लालीला काचेवर टिचक्या मारून "अगं, अगं" करत होतो. पल्लवी रडायला लागली. नवव्या महिन्यातली पोर हुंदके देतेय आणि मला अंडी वाचवावी की लेक, कळेना.

तेवढ्यात सुमन आली. डिंकाची पुडी हातात तशीच. तिनं एकदा टाकीत पाहिलं, एकदा बरणीत पाहिलं आणि मला बाजूला सारलं.

"अजी, बापाले काऊन काढलं?"

"अंडे खात होता तो."

"खात नाई, वेचून राह्यला होता. तोंडात धरून घरट्यात ठेवते तो. आपल्या मरळीचं पाह्यलं नाई का कधी? पिल्लांचा लाल घोळका घेऊन बाप फिरते तलावात. तसा मासा दिसला का, माहा बाप जाळं गुंडाळून घरी ये, मंग त्या दिवशी मासोळी नाई भेटली तरी चाले."

बोलता बोलताच तिनं एका झटक्यात लालीला गाळणीत घेतलं. एका झटक्यात! नुसतं मनगट वळलं. मी आयुष्यात असं काही पाहिलं नाही, आणि ही बाई पस्तीस वर्षं माझ्या घरात पोळ्या लाटत होती. लाली बरणीत गेली, निळ्या टाकीत आला.

आला आणि तळाशी जाऊन बसला. हलेना. कल्ले तेवढे हलत होते. निम्मी अंडी गेली होती, उरलेली फेसातून सुटून खाली पडत होती. बापानं उचलली नाहीत तर ती तळाशी सडणार, असं सुमन म्हणाली. आम्ही तिघं टाकीपुढे उभे. मी मनातल्या मनात त्या माशाची माफी मागत होतो. खरंच मागत होतो, हसू नका. सहा वेळा घर मोडलं, सातव्यांदा लेकरांपासून तोडलं. त्याच्या जागी मी असतो तर रुसून बसलो असतो, वर जेवणही सोडलं असतं.

निळ्या हलला. एक अंडं तोंडात घेतलं, वर गेला, फेसात ठेवलं. मग दुसरं. मग तो थांबलाच नाही.

पल्लवीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "बाबा, मले भेव लागते. मले मंगेश इथी पायजे."

मी गाळणी पुसायला घेतली. सुमन बोलली, आणि आवाज अजिबात न चढवता बोलली. "माशांची ताटातूट तुमच्यानं चार दिस पाहवली नाई. पोरीची कशी पाहवते?"

मी फोन लावला. मंगेशनं पहिल्या घंटीला उचलला.

"झालं का बाबा?"

"झालं," मी म्हणालो, "पण माशाचं. तुमी या. राहायलेच या."

मुलचेऱ्याहून यायला दोन तास तरी लागतात, म्हणून मी पाय धुऊन जरा आडवा होणार, तर पाच मिनिटांत दारात मंगेश. तीच बॅग. मी घड्याळाकडे पाहिलं. सुमन पंख्याकडे पाहायला लागली. मग कळलं ते असं की जावई गावाला गेलेच नव्हते. दोन गल्ल्या सोडून मित्राच्या खोलीवर मुक्काम, आणि दोन्ही वेळचा डबा माझ्याच स्वयंपाकघरातून जात होता. वांग्याची भाजी मला अर्धीच वाटी का मिळते, हे कोडंही त्याबरोबर सुटलं. रागवायला मी तोंड उघडलं होतं, पण पल्लवी पहिल्यांदा मोकळी हसत होती. मी तोंड मिटलं.

दीड दिवसानं पिल्लं निघाली. पापणीच्या केसाएवढी, फेसाला उलटी लटकलेली. एखादं सुटून खाली जायचं, निळ्या सूर मारायचा, अलगद तोंडात घ्यायचा आणि परत जागेवर टांगायचा. दिवसभर तेच. खाणं नाही, आराम नाही. पुढे पिल्लं पोहायला लागल्यावर सुमननं त्यांच्यासाठी बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, हिरवं पाणी आणलं, थेंब थेंब घातलं आणि त्यातली चांगली साठेक जगवली. मी सकाळचा पेपर सोडून त्या माशापुढे बसायचो. एवढा बाप मी कुठे पाहिला नव्हता.

मग चार दिवसांनी आणखी एक पाहिला. पल्लवीला कळा सुरू झाल्या तेव्हा मी चपला उलट्या घालून अंगणात फिरत होतो. मंगेशनं गाडी आणली, फाइल घेतली, तिचा हात धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी आत येऊ दिलं तेव्हा आतही सोडला नाही. नात झाली. घरी आल्यावर त्यानं लंगोट धुतले, दोरीवर वाळत घातले, पोर खांद्यावर टाकून ढेकर काढला. शेजारच्या बाया निमित्त काढून बघायला येत. "असा जवाई भेटला पायजे," म्हणत. मी खुर्चीत ताठ बसून सांगायचो की आमच्या घरी बापानं लेकरांचं करायचं ही पद्धतच आहे, मीही तसाच होतो.

बारशाच्या दिवशी, घर भरलेलं असताना, सुमनला हे ऐकू गेलं.

"हे? पल्लवी झाली तवा हे बाराव्या दिवशी आले, चांदीचे वाळे घेऊन. छपरीत झोळी होती, तिच्यातली पोरगी उचलली, मुके घेतले, पायांत वाळे घातले. ते शेजारच्याची होती. माही पल्लवी आतमंधी निजली होती."

सगळं घर हसून लोटपोट. मंगेशनं फार आदरानं विचारलं, "मग बाबा, तुमी वाळे वापस नाई घेतले?"

कसे घेणार? मी तोवर त्या पोरीच्या सख्ख्या बापाला छातीठोकपणे सांगून बसलो होतो, की नाक अगदी माझ्यावर गेलंय.