शेहेचाळीस नंबरची तार

आमचं मुदखेडला रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. शेतातल्या पाणबुडी मोटारी आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, भरतात. पंखे, मिक्सर आणि कूलर माझ्याकडे. लग्न होऊन आले तेव्हा मला टेस्टर कुठून धरायचा हेही ठाऊक नव्हतं. आता पंचवीस वर्षं झाली. जळालेल्या कॉइलचा नुसता वास घेऊन सांगते, व्होल्टेजने गेली का पाणी शिरून. फुशारकी म्हणा हवं तर. ती फुशारकी गेल्या उन्हाळ्यात काड्यापेटीएवढ्या एका कॉइलने पार उतरवली, आणि उतरवली ते बरंच केलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरहून एसटीने आले ते मांडीवर गोधडीचं लांबलचक गाठोडं घेऊन. मी म्हटलं, "कुणाचं लेकरू उचलून आणलंत?" त्यांनी गाठ सोडली. आत त्यांची बेस गिटार.

अण्णा लातूरच्या आडत बाजारात मापाडी होते. दिवसभर पोती मोजायची, आणि लग्नसराईत, गणपतीत, उरुसात ऑर्केस्ट्राबरोबर जाऊन बेस वाजवायचा. असा वीस वर्षं वाजवला. ही गिटार त्यांनी हैदराबादला एका हॉटेलातल्या वादकाकडून जुनीच घेतलेली, म्हणजे वयाने ती माझ्याहून मोठी. चार जाड तारा, पोट आतून पोकळ, आणि पोटावर व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार फटी. उचलली तर इतकी हलकी, की एवढ्या मोठ्या वस्तूचं वजन गेलं कुठं असं वाटावं.

"लातूरला एकानं नवं हॉटेल काढलंय," अण्णा म्हणाले. "त्याला भिंतीवर टांगायला पायजे. पुढच्या महिन्यात देतो म्हणलो. द्यायच्या आधी तुला एकदा दाखवावी."

"टांगायला? ती काय वाघाचं मुंडकं हाय का?"

"वाजत तर न्हाई माय. मग टांगली काय अन् पलंगाखाली ठेवली काय."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. का गेली ते सांगते. माझ्या बापाने वीस वर्षं बेस वाजवला, आणि मी तो एकदाही ऐकलेला नाही. म्हणजे कार्यक्रमाला गेले नाही असं नाही. कंधारच्या उरुसात मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेली मला आठवते. स्टेजवर अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात उभे, बोटं भराभरा चाललेली. ट्रम्पेट ऐकू येत होता, ढोलक ऐकू येत होती, गाणारी बाई तर पार किल्ल्यापर्यंत ऐकू जात असेल. पण अण्णांचं काही म्हणजे काही नाही. शेजारची एक बाई आईला म्हणाली, "त्यो कोपऱ्यातला माणूस नुसताच का उभा हाय वो?" मी लाजेने मान खाली घातली. आपला बाप खोटं खोटं वाजवतो, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

आता कळतं, दोष त्या कर्ण्यांचा होता. लिंबाच्या झाडाला बांधलेले पत्र्याचे कर्णे. त्यातून बारीक आवाज कानठळ्या बसतील असा निघतो, आणि जाड आवाज निघतच नाही. गावोगाव तेच कर्णे. स्टेजवरचे चार-पाच जण सोडले तर अण्णांचा बेस मराठवाड्यात कुणीच ऐकला नाही. वीस वर्षं! मला तर कुणी न खाल्लेली भाजी दुसऱ्या दिवशी करवत नाही.

"महिना हाय ना?" मी म्हटलं. "मी वाजती करते. मला एकदा ऐकू द्या, मग टांगा कुठं टांगायची ती."

आमचे मालक मोटारीतून डोकं वर काढून म्हणाले, "पंखा न्हाई तो. रेग्युलेटर लावशील त्याला."

"तुम्ही तुमची मोटार बघा," मी म्हटलं.

मग सुरू झालं. तारा पिळायच्या चाव्या गंजून बसल्या होत्या, त्या नव्या मागवल्या, लोण्यासारख्या फिरणाऱ्या. तारा ज्यावर टेकतात ती घोडी लाकडाची, मधोमध चिरलेली, म्हणून पितळी खोबणींची नवी घेतली. ही घोडी कशानेही चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर बसते, हे बघून मी तोंडात बोट घातलं. अण्णांनी तिची जागा पोटावर पेन्सिलीने आखून ठेवली होती. पुसट झालेली ती रेघ त्यांना चष्म्याशिवाय सापडली. आवाज कमी-जास्त करायची बटणं, वायर खोचायचं सॉकेट, सगळं नवं. राहिला पिकअप.

पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती कॉइल. मीटर लावलं, काटा जागचा हलला नाही, म्हणजे कॉइल गेलेली. नवा पिकअप मागवला तर तो खाचेपेक्षा मोठा निघाला. मी पटाशी घेतली तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "लाकूड कापायचं न्हाई." जन्मात माझ्यावर हात न उगारलेला माणूस, पण ती पकड अशी, की मी पटाशी निमूट खाली ठेवली.

म्हटलं, ठीक, कॉइल आहे ना? मग मी कशाला आहे? जुनी तार उलगडायला घेतली तर ती केसाहून बारीक. मला हसूच आलं. एवढ्या नाजूक तारेवर कुणी भरवसा ठेवतं का? जळणार नाही तर काय! आमच्या धंद्यात तार जाड तेवढी मोटार दणकट. गिऱ्हाइकाला हेच सांगते मी, आणि ऐटीत सांगते. पिकअपला मी पंख्याची चांगली जाड तार भरली, वर वार्निश दिलं, सुकवलं, आणि अण्णांना म्हटलं, "आता तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत बघायचं काम न्हाई."

तारा चढवल्या, ॲम्प्लिफायरला जोडलं. अण्णांनी बोट मारलं. डास गुणगुणतो ना, तेवढा आवाज. बटण पूर्ण फिरवलं तरी डासच, जरा जवळ आलेला.

मालक हसू दाबत म्हणाले, "पंख्याची तार हाय, थांब जरा, फिरंल."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. अण्णा गोधडी झटकायला लागले. ते बघून माझा जीव गलबलला. मी म्हटलं, "ठेवा ती गोधडी. मला आधी सांगा, ह्याला करंट कुठून येतो? मी कुठंच जोडलेला न्हाई."

"तार हलली की येतो," अण्णा म्हणाले. "म्हणजे, तसं ते हैदराबादवाले सांगायचे. बाहेरचा करंट न्हाई लागत."

मी मटकन स्टुलावर बसले. अगं बाई! पंचवीस वर्षं मी कॉइलला करंट दिला आणि फिरणं घेतलं. इथे उलट. हलणं द्यायचं आणि करंट घ्यायचा. माणसाच्या एका बोटाने तार जरा थरथरते, ती थरथर चुंबकाला कळते, आणि कॉइलमध्ये करंट जागा होतो. तो इतका इवलासा, की त्याने काय जळणार होतं? त्याला सोसायला जाड तार नको होती. त्याला गोळा करायला हजारो वेढे हवे होते, आणि एवढ्याशा डबीत हजारो वेढे मावायचे तर तार केसाचीच हवी. ज्याने कुणी ही डबी पहिल्यांदा भरली त्याला मी कंजूष समजले होते. मनातल्या मनात मी त्याच्या पाया पडले.

ती केसासारखी, शेहेचाळीस नंबरची तार नांदेडला मिळाली नाही, हैदराबादहून आली. रीळ हातात घेतलं तर तारेचं टोकच दिसेना. काळ्या परकरावर धरून शोधलं. भर मे महिना, आणि पंख्यांच्या दुकानात आम्ही पंखा बंद करून बसलो, कारण वाऱ्याने तार तुटत होती. अण्णा बॅटरी धरून समोर. मी हाताने मशीन फिरवत होते, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडत होते. चिमटीत काही आहे असं वाटतच नव्हतं, नुसता भरवसा. नऊशे वेढ्यांवर तुटली. दुसऱ्यांदा तीन हजारावर तुटली, तेव्हा मी रिळाला जी शिवी दिली ती बापासमोर द्यायची नव्हती. अण्णा म्हणाले, "श्वास हळू सोड. तुझा श्वास लागतोय तिला." तिसऱ्या वेळी आठ हजार वेढे झाले. मीटरचा काटा हलला, आणि अण्णांनी बॅटरी विझवून तोंड दुसरीकडे केलं.

आता ती गिटार भिंतीवर गेली नाही, हे इथेच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. हॉटेलवाल्याला फोन मीच केला. त्याला दोन जुने ग्रामोफोन सापडले होते, तो खूश होता.

बसवायचं काम वेगळंच. पोट उघडता येत नाही. बटणं, वायरी, सगळं त्या फटीतून आत सोडायचं आणि दोऱ्याने भोकातून बाहेर ओढायचं. परकरात नाडी ओवायची सवय कामाला आली. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं, साउंडवाल्याकडून पंधरा इंची स्पीकरचा बॉक्स आणला, आणि जोडलं. जोडल्याबरोबर गिटार कुणी हात न लावता अशी हंबरली की फळीवरचे नटबोल्टचे डबे नाचायला लागले! मालक बाहेर पळाले. अण्णांनी शांतपणे तळहात तारांवर ठेवला, बॉक्सपासून चार पावलं लांब गेले, आवाज उतरवला. मग म्हणाले, "रिकाम्या पोटाची हाय. बॉक्सनं तिच्या तोंडासमोर वरडायचं नसतं."

मग त्यांनी वाजवलं. सगळ्यात जाड तार, एकच सूर. तो कानात आलाच नाही. पायाखालच्या फरशीतून आला, स्टुलातून आला, माझ्या बरगड्यांत आला. अंगावर सर्रकन काटा. असा गोल, ऊबदार आवाज या माणसाच्या बोटांत होता, आणि लोक विचारत होते नुसताच का उभा हाय!

पण खरं सांगू? पाच-सात मिनिटं त्यांनी वाजवलं आणि मला त्यात गाणं सापडेना. डूम, डूम, थांबणं, पुन्हा डूम. पाया आहे, पण घर कुठं? तोंड फटकळ माझं. म्हणून गेले, "एवढंच असायचं, अण्णा?"

म्हणाले आणि जीभ चावली. पण अण्णा हसले. "एकट्याचं काय ऐकायचंय त्यात? तू म्हण कायतरी."

"मी? माझा आवाज म्हणजे फाटकं भांडं."

"म्हण गं."

लेकरांना झोपवताना म्हणायचे ते पाळण्याचं गाणं सोडून मला काही येत नाही. तेच सुरू केलं, भलत्याच वरच्या पट्टीत. अण्णांनी मान तिरकी करून दोन ओळी ऐकलं, बोटांनी जागा शोधली, आणि खालून आले. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. माझा आवाज तोच, तसाच फाटका, पण त्याला बसायला जागा झाली. मी घसरले की ते आधीच तिथे. मी श्वासाला थांबले की त्यांनी ओळ धरून ठेवलेली. मी अडखळले आणि कळलंसुद्धा नाही कुणाला, मलाही नाही. दाराशी आमचे मालक हात पुसायचे विसरून उभे होते. मला इतकं भरून आलं की तिसऱ्या कडव्याला आवाजच फुटेना, आणि मी गप्प झाले.

अण्णांची बोटं थांबली नाहीत. मान वर न करता म्हणाले, "म्हण की माय. मी हाय ना खाली."