उठवणीची चाल

पुणतांब्यात गनीभाईंशी भांडण काढायचं असेल तर ते लग्नसराई संपल्यावर काढावं. लग्नसराईत काढलं तर भात मिळत नाही.

त्याचं असं आहे. गनीभाई गावच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. वय सत्तरीपार, दात खोटे, फुंक मात्र खरी. आमच्याकडे पंगत कधी उठायची हे यजमान ठरवत नाही, गनीभाईंची एक चाल ठरवते. तिला म्हणतात उठवणी. सहा मात्रांची, म्हणजे दादऱ्याची मावसबहीण, पण घरातून पळून गेलेली. ती वाजली की जेवणारा उठतो. तोंडात घास असला तरी उठतो. आणि एकदा उठलेला माणूस परत त्या पानावर बसत नाही. मागे एका बड्या बागायतदाराने गनीभाईंना ‘ए पिपाणी’ अशी हाक मारली होती. गनीभाईंनी आमटी वाढून होताच उठवणी लावली. बागायतदार भाताच्या बादलीकडे वळून वळून बघत हात धुवायला गेला.

इतर गावांत बँडवाले शेवटच्या पंगतीत, उरेल ते जेवतात. आमच्याकडे गनीभाईंचं पान पहिल्या पंगतीत, मानकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. का, तर चाल त्यांच्या पणजोबांनी रचली म्हणून. पणजोबांचं नाव मेहबूब. ते नगरच्या कॅम्पात गोऱ्या पलटणीच्या बँडचा मोठा ढोल पाठीवर वाहायचे. पुढची गोष्ट गनीभाई सांगतात आणि ती दर लग्नाला थोडी वाढते.

“नोकरी सोडली, गावात आला, गोदावरीच्या वाळूत बसला आन् येका बैठकीत चाल रचली. नदी थांबली हुती ऐकायला.”

“मागल्या साली तर नुसती हळू झालती,” बजरंग म्हणतो.

बजरंग म्हणजे गावचा डीजे. त्याचा राग नदीवर नाही, पानावर आहे. त्याची पोरं टेम्पोमागे उभ्याने जेवतात, आणि हा म्हातारा मानकऱ्यांत बसून बुंदी मागून घेतो. “चाल पणज्याची न्हाई असं निघालं तर पान सोडाल का?” असं तो दर लग्नात विचारायचा. गनीभाई म्हणायचे, “सोडतो की. क्लॅरनेटबी सोडतो.” पुरावा कुठून येणार होता?

आला. शिर्डीहून, रिक्षाने.

गेल्या उन्हाळ्यात चांगुणाआक्कांच्या नातीचं, सृष्टीचं लग्न होतं. मुलगा नेवाशाचा. सृष्टीची मावसबहीण रोहिणी शिर्डीत एका लॉजवर कामाला आहे. तिथे दर वर्षी आयर्लंडहून एक निवृत्त शाळामास्तरीण येते, नोरा नावाची. पांढरे केस, टोमॅटोसारखे गाल, कुणीही जेवायला बोलावलं की जाते. रोहिणीने लग्नाला आणली.

पहिली पंगत बसली. एका बाजूला नेवाशाचं वऱ्हाड, समोर आमचं गाव. लापशी आली, वांग्याची भाजी आली, बुंदी आली. कुणी श्लोक म्हटला, कुणी त्याला ताल धरला. रोहिणीने नोराला समजावलं, “पाहुण्यानेही काहीतरी म्हणायचं असतं.” नोराला श्लोक कुठला यायला. तिने पर्समधून पत्र्याची छोटी बासरी काढली आणि ओठाला लावली.

उठवणी.

तीच. सुरासुरासकट तीच, फक्त जास्त नाचरी. अख्खं गाव उठलं. अजून वरण वाढायचं होतं, पण पाय कुणाला विचारत नाहीत. लापशीचा पहिला घास हातात घेतलेले, बुंदीकडे नुसते बघणारे, सगळे उभे. नोराच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मान तिला तिच्या गावातही मिळाला नसावा. तिने पुन्हा वाजवली, आणखी जलद. गाव हात धुवायला निघालं.

नेवासेकर बसूनच. नवऱ्या मुलाचा मामा घास खाली ठेवून म्हणाला, “हे काय चाललंय? आमच्यासोबत जेवायचं न्हाई, तर तसं साखरपुड्यालाच सांगायचं.”

“तसं न्हाई हो पाव्हणं,” चांगुणाआक्का म्हणाल्या, “आमच्यात ही चाल वाजली की उठत्यात.”

“मग परत बसा.”

“आता कसं बसावं? उठलो ना.”

गावच्या बाजूचा एकच माणूस बसलेला होता. गनीभाई. हातातली बुंदी हातातच. स्वतः वाजवल्याशिवाय उठवणीवर उठायची त्यांना सवय नव्हती.

बजरंग टेम्पोवरून उडी मारून आला. चेहरा असा, जणू त्याचंच लग्न. “रोहिणे, विचार बाईला. ही चाल कुणाची?”

रोहिणीने विचारलं. नोरा खुशीत बोलत सुटली आणि रोहिणी जमेल तसं सांगत गेली. चाल तिच्याकडची. फार जुनी. नाव ‘विधवेची बदकं’.

“बदकं?” आक्का म्हणाल्या. “बदकांचा काय संबंध?”

“तिलाबी म्हाईत न्हाई. म्हणती, आमच्याकडं नावं अशीच असत्यात. तिच्या आजीच्या आजीलाबी यायची. पलटणीत गेलेली पोरं वाजवत वाजवत जगभर घेऊन गेली.”

“नगरच्या कॅम्पात?” बजरंगने विचारलं.

“तिथंबी असतील, म्हणती.”

“आन् रचली कुणी?”

“ते कुणालाच ठावं न्हाई. तिच्या गावात तीन घरं म्हणत्यात आमच्या पणज्यानं रचली.”

बजरंग गनीभाईंच्या पानासमोर उभा राहिला. “चौथं घर सापडलं. उठा चाचा. पान सोडा.”

गनीभाईंनी बुंदी पानात ठेवली. तांब्यातल्या पाण्याने हात धुतला आणि उठले. इतकी वर्षं ज्यांचा भात त्यांनी हुकवला होता, त्यांनाही ते बघवेना.

“रोहिणी,” ते म्हणाले, “बाईला इचार, तिच्या गावात ही वाजली की लोक उठत्यात का?”

“न्हाई. नाचत्यात, म्हणती.”

“जेवन सोडून?”

“जेवनाचा संबंधच न्हाई, म्हणती.”

“बघ बजरंग. बदकं त्यांची आसतील. उठायला आमी शिकवलं.”

“शिकवलं ना?” मामा म्हणाला. “मग आता बसवा. न्हाईतर आमीबी उठतो, आन् आमी उठलो तर थेट नेवाशाला जातो.”

सृष्टी शालूतच मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. गनीभाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती पाळण्यात होती तेव्हाही यांनीच वाजवलं होतं. त्यांनी क्लॅरनेट उचललं.

सुरुवात उठवणीसारखीच केली, पण पावलं ओढत. मग चाल वरून खाली उतरायला लागली, जिन्यावरून भरली घागर घेऊन उतरावं तशी. गाव ऐकत राहिलं, बसलं कुणी नाही. गनीभाईंनी आणखी एक फेरा घेतला. घामाची धार नाकावरून क्लॅरनेटवर. मग वाजवता वाजवता त्यांचे गुडघे वाकले. कडकड आवाज झाला, तोही तालात. गनीभाई मांडी घालून त्याच पानावर बसले, आणि शेवटचा सूर अगदी तळातून, ढेकर दिल्यासारखा काढला.

पंगतीतून कायम पहिला उठणारा माणूस पहिला बसला होता. आक्का म्हणाल्या, “बसा रं,” आणि स्वतः बसल्या. मग सगळं गाव बसलं.

“ही कुठली चाल?” बजरंगने विचारलं.

“बसवणी.”

“कधी ऐकली न्हाई.”

“कधी गरजच पडली न्हाई.”

“रचली कुणी?”

गनीभाईंनी बुंदी तोंडात टाकली. “पणज्यानं. त्याच वाळूत.”

चाल कुणी आणि कधी रचली ते सगळ्यांना माहीत होतं, मांडवातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. मामा म्हणाला, “वरण वाढा.” आक्कांनी वाढप्याला बोट दाखवलं. “गनीच्या पानापासून सुरू कर. आन् बजरंग, तुझ्या पोरांची पानं मांड हितंच. टेम्पोमागं घोड्यावानी काय उभं राहतासा?” बजरंग काही तरी बोलणार होता, पण समोर पत्रावळ आली.

नोराने बसवणी फोनवर टिपून घेतली होती. दिवाळीनंतर तिने रोहिणीला व्हिडिओ पाठवला. दारूच्या गुत्त्यासारखी जागा, बाहेर पाऊस, आत पाचसहा जण व्हायोलिन आणि बासऱ्या घेऊन बसवणी वाजवतायत. खाली लिहिलं होतं, भारतातल्या पुणतांबे गावची फार जुनी चाल, रचणारा अज्ञात.

“अज्ञात?” गनीभाई म्हणाले. “मेहबूब लिव्ह म्हणावं.”

व्हिडिओत चाल रंगात आली आणि माणसं खुर्च्या सोडून नाचायला लागली. गनीभाईंनी फोन नाकाजवळ नेला.

“बसा की येड्यांनो,” ते म्हणाले.