जय हिंद आणि लाल शिक्का

सुभेदार हंबीरराव फौजेतून निवृत्त होऊन फलटणजवळच्या आपल्या गावी आले, ऊस लावला आणि उरलेला वेळ देशाला दिला. म्हणजे मोबाईलवर येईल तो मेसेज भावकीच्या ग्रुपवर पुढं ढकलू लागले. उशाशी कांदा ठेवला की गुडघे बरे होतात, येत्या सोमवारी सूर्य उशिरा उगवणार, असलं काहीही. खाली मात्र न चुकता स्वतः टाइप करायचे, ‘जय हिंद. सुभेदार हंबीरराव.’ आईबाप नसलेल्या बातमीला निदान जामीनदार तरी मिळायचा.

त्यांची नात शिवांजली सांगलीला इंजिनिअरिंग शिकते. तिनं खोट्या बातम्या पकडणारा प्रोग्रॅम करायला घेतला. खऱ्याखोट्याचे ढीगभर नमुने दाखवले की मशिन आपलं आपण फरक शिकतं म्हणे. खरे नमुने तिनं वर्तमानपत्रांतून घेतले. खोट्यांसाठी आजोबांचा फोन मागितला.

"किती पायजेत?" हंबीररावांची छाती फुगली.

"सगळेच द्या, आबा."

दिवाळीच्या सुट्टीत तिनं ते मशिन ग्रुपला जोडलं. थाप आली की खाली लाल शिक्का. नेमका तेव्हाच आजी-आजोबांच्या लग्नाचा वाढदिवस आला. उभ्या संसारात बायकोला ‘भाजी बरी झालीय’ असंही न म्हटलेल्या हंबीररावांनी धीर करून लिहिलं, ‘आमची विजयमाला लय गुणाची हाय. मी सीमेवर व्हतो तवा घर आन् शेत तिनंच राखलं. जय हिंद. सुभेदार हंबीरराव.’

लगेच खाली लाल शिक्का: ‘ही बातमी खोटी आहे.’

भावकी हसून लोळली. विजयमालाबाई हसल्या नाहीत. मेसेज वाचायला मुद्दाम पुसलेला चष्मा त्यांनी काढून ठेवला. "मशिन शिकल्यालं हाय. त्येला तुमच्या मनातलं कळलं आसंल," एवढंच बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"शिवे, काय केलंस गं ह्ये!"

शिवांजलीनं तपासलं आणि जीभ चावली. "आबा, तुमच्या प्रत्येक थापेखाली जय हिंद आहे. पेपरातल्या बातमीखाली कुठंच नाही. मशिनला वाटलं, जय हिंद दिसलं की थापच. सही काढून पाठवा, होईल पास."

"म्हंजे बायकूला निनावी पाठवू?"

हंबीरराव उठले. स्वयंपाकघराच्या दारात सावधान उभे राहिले. कान लाल झाले होते.

"आगं, आयक. लिवलं त्ये खरं हाय. लय गुणाची हायस तू." पुढं काय बोलतात ते कधी कळलंच नव्हतं. तोंडातून सवयीनं निसटलं, "जय हिंद."

विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच.

"आवं, घातला का पुन्ना घोळ! बरं, जय हिंद ऱ्हाऊ द्या. पर त्ये पयलं वाक्य परत म्हना."