सकुबाई आणि मंगळाचा मुकादम

सकुबाई हिलमच्या नाकावर राग असतो असं कुंभ्याच्या वाडीत म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. नाकावरचा राग आला तसा जातो. सकुबाईचा राग एकदा आला की मुक्कामाला राहतो, आणि तो उगाच आला होता असं आजवर कोणाला दाखवून देता आलेलं नाही.

मुरबाडकडच्या वैशाखरे गावाहून आत, डोंगराच्या पायथ्याला ही कातकऱ्यांची वाडी आहे. घरं चाळीस, आणि चार वर्गांची एक शाळा. त्या शाळेत सकुबाई आठ वर्षं खिचडी शिजवते. वय पन्नासच्या आसपास. नक्की आकडा तिला ठाऊक नाही आणि आधार कार्डालाही नाही. त्यावर वाडीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जानेवारीच आहे. शिक्षण विचाराल तर तिसरी, तीही तीन वेळा. जूनमध्ये नाव घालायचं, दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं आणि पुन्हा तिसरीत बसायचं. चौथ्या वर्षी ती बसलीच नाही. पुढे लग्न झालं, नवरा बारकूबरोबर पुन्हा भट्ट्या सुरू झाल्या, वाशिंदच्या पलीकडे, शहापूरच्या अंगाला. असे एकूण बावीस हंगाम काढले. बारकू गेल्यावर ती शाळेच्या चुलीपाशी आली.

या वर्षी तिनं एकच गोष्ट मनात घेतली होती. शेजारच्या कमळूच्या अंजूला भट्टीवर जाऊ द्यायचं नाही. अंजू चौथीत होती आणि घडाघडा वाचायची. सकुबाईच्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीखसुद्धा तीच वाचून सांगायची. “पोरीला माज्याकडं ठेव,” असं सकुबाईनं कमळूला तीनदा सांगितलं होतं. कमळू तिन्ही वेळा “बघू” म्हणाला. आता भात कापून झालं होतं, दिवाळी उरकली होती, आणि मुकादमाचा ट्रक कधीही वाडीत शिरला असता.

अशात मुंबईच्या एका संस्थेचा ऋतिक नावाचा तरुण शाळेत आला. खेड्यापाड्यातल्या पोरांना अवकाशाची ओळख करून द्यायची, माणूस उद्या मंगळावर कसा राहील ते सांगायचं, हे त्याचं काम. पोरगा भला होता. पण तो कोण, कुठला, कशाला आलाय, हे सकुबाईला कोणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकिणीला कोण काय सांगतं? ती चुलीपाशी तांदूळ निवडत बसली होती आणि भिंतीपलीकडून तिच्यापर्यंत नुसता आवाज येत होता.

“जागा लांब आहे,” आवाज म्हणत होता. “माती सगळी लाल. झाड नाही, सावली नाही. धूळ इतकी की तोंड झाकल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पाणी जपून वापरायचं. राहायच्या खोल्या तिथल्याच मातीच्या विटा करून आपणच बांधायच्या. आणि एकदा गेलं की मध्येच परत यायचं नाही बरं का! पण मजा किती येईल! मग, कोण कोण येणार?”

सकुबाईच्या हातातलं सूप थांबलं.

हे बोलणं तिनं जन्मात बावीस वेळा ऐकलं होतं. मुकादम असाच बोलतो. मजा येईल हेसुद्धा तो असंच म्हणतो. फरक इतकाच, की आजवरचे मुकादम अंगणात बसून, चहा पिऊन बापांशी बोलायचे. हा थेट शाळेत शिरून पोरांशी बोलत होता. सकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून खिडकीशी आली तर आत एकतीस पोरांचे हात वर. अंजूनं तर दोन्ही हात वर केलेले. आणि टेबलावर शाईचं पॅड! हात खाली आले तशी पोरं रांग लावून पुढे आली, आपलं नाव सांगून कार्डावर अंगठा उठवू लागली.

मुकादम उचल देऊन घेतो तसा अंगठा बघितल्यावर मात्र ती थांबली नाही. चुलीपाशी पडलेला खिचडी ढवळायचा लांब दांड्याचा कालथा उचलून ती वर्गात घुसली.

“कोन रे तू? कुठल्या भट्टीचा?”

ऋतिक गडबडला. “मावशी, मी मंगळाबद्दल…”

“मंगळ कुठं आला? भिवंडीकडं का पनवेलकडं?”

पोरं खो खो हसली. शाळेचे एकुलते एक मास्तर, शेखर गुरुजी, खुर्चीतून उठले. “अहो सकुबाई, मंगळ म्हणजे ग्रह. आकाशातला. ते पोरांना अंतराळवीराचा पास देतायत. अंगठा नुसता गमतीचा आहे.”

दुसरी कोणी असती तर पदर तोंडाला लावून चुलीकडे पळाली असती. सकुबाईला आपली चूक कळली. ती काही येडी नव्हती, चंद्रावर यान उतरलं ते तिनंही भाच्याच्या मोबाईलवर बघितलं होतं. पण चूक कळली म्हणून राग उतरायला हवा असं थोडंच आहे?

“बरं, ग्रह तर ग्रह,” ती म्हणाली. “पोरांचं अंगठं घेतलंस ना? मंग सांग. परत कवा आनतोस?”

ऋतिक खरं बोलणारा निघाला. “परत यायची सोय अजून झालेली नाही, मावशी.”

“तिथं पोर आजारी पडलं तर डाक्टर हाय?”

“बरोबर नेला असेल तर.”

“नसंल नेला तर?”

ऋतिकनं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी नकाशाकडे बघितलं.

“मेलं तर माती कुठं देनार? आनि जितं ऱ्हायलं तर शिकवनार कोन?”

मंगळावर जायला सात महिने लागतात हे ऋतिकला ठाऊक होतं. तिथला वारा, तिथली थंडी, जमिनीखालचा बर्फ, सगळं तोंडपाठ होतं. पण हे प्रश्न त्याला ना मुंबईच्या मोठ्या शाळांत कोणी विचारले होते, ना त्याच्या संस्थेत. तिथली पोरं मोबाईलला रेंज येईल का ते विचारायची. तो म्हणाला, “याचं उत्तर मला नाही माहीत.”

“मंग हात कशाला वर करायला लावतोस रे?” सकुबाईचा आवाज चढला. “माजा भगीरथ असाच नेला आमी. चार वर्सांचा व्हता. भट्टीवर रातचा ताप भरला, गाडी मिळंस्तवर सकाळ झाली. वाशिंदला पोचायच्या आधी गेला. आमी पन मुकादमाला काय ईचारलं नवतं. ईचारायचं असतं ह्येच ठावं नवतं!”

ऋतिकनं शाईच्या पॅडचं झाकण लावलं. मग तो हळूच म्हणाला, “पण इथली मुलं बाहेर जात नाहीत ना?” आणि त्यानं दाराजवळच्या फळ्याकडे बोट केलं. गुरुजींच्या सुंदर अक्षरात तिथं लिहिलं होतं: पट ३१. स्थलांतरित विद्यार्थी निरंक.

तीन वेळा केलेली तिसरी सकुबाईला इथं उपयोगी पडली. तिनं अक्षर न् अक्षर जुळवून वाचलं. “निरंक म्हंजे काय, गुरजी?”

“म्हणजे… कोणी नाही.”

“कोनी नाय?”

शेखर गुरुजी वाईट माणूस नव्हे. मुरबाडहून रोज मोटरसायकलवर येतात, चार वर्ग एकटे सांभाळतात, आणि निम्मा दिवस त्यांचा ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. त्या रकान्यात एक नाव घातलं की मागं दहा कागद लागतात, पालकांचं संमतीपत्र, समितीचा ठराव, फोटो. म्हणून दरवर्षी ते निरंक लिहून मोकळे व्हायचे. पण त्या एका शब्दानं काय केलं होतं बघा. भट्टीवर जाणाऱ्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून सरकारचं हंगामी वसतिगृह असतं. दोन वेळचं जेवण, अंथरूण, सांभाळायला एक बाई. ही सोय आपल्या वाडीला का नाही, असं सकुबाई दोन वर्षं विचारत होती, आणि गुरुजी सांगत होते, “वरून आली नाही.” वरून येणार कशी? खालून निरंक जात होतं. कार्तिक सरता सरता खिचडीचं पातेलं निम्म्यावर येतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण पातेल्यात बघतो कोण? सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे.

हे ध्यानात आलं तेव्हा सकुबाई ओरडली नाही. त्यामुळे गुरुजी जास्तच घाबरले. ती पोरांकडे वळली.

“भट्टीवर कोन कोन जानार ह्या साली? हात वर.”

एकोणीस हात वर झाले. या वेळी कोणी हसलं नाही. अंजूनं हात अर्धवटच वर केला.

“लिही,” सकुबाई ऋतिकला म्हणाली. “तुज्याकडं कागद हाय, पेन हाय. नावं लिही.”

ऋतिकनं लिहिली. गुरुजी म्हणाले, मुदत गेली, यादी ऑक्टोबरमध्येच पाठवायची असते. सकुबाई म्हणाली, मंग उशिरा पाठवा. गुरुजी म्हणाले, बघू. हा शब्द तिनं कमळूकडून तीनदा ऐकला होता, चौथ्यांदा ऐकायची तिची तयारी नव्हती. आधी तिनं सगळ्या पोरांना पोटभर वाढलं. पोरांच्या ताटावर राग काढणारी ती नव्हे. मग ती अंगणात गेली आणि गुरुजींच्या मोटरसायकलवर मांडी ठोकून बसली. शाळा सुटली, पोरं घरी गेली, सकुबाई काही उतरेना. साडेपाचला गुरुजींनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या. यादी घेऊन ऋतिक स्वतः तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत गेला आणि पोच घेतली.

त्यानंतर दहा दिवस काहीच झालं नाही. कागदी घोडे नाचतात म्हणतात, पण हे घोडं तर जागचं हलायलाही तयार नव्हतं. अकराव्या दिवशी सकाळी ट्रक आला.

वाडीतली निम्मी घरं टोपली, पातेली, कोंबड्या, ताडपत्री घेऊन ट्रकवर चढली. कमळू आपलं गाठोडं वर फेकत होता. सकुबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“अंजूला ठेव म्हनलं व्हतं.”

“ठेवली असती गो,” कमळू म्हणाला, “पर शामला कोन बघंल? भिमी विटा थापाया बसली की पोर मातीत लोळंल. अंजू लागतेच.”

भिमी कमळूची बायको, आणि शाम अंजूचा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा. कमळू खोटं बोलत नव्हता. अंजूएवढी असताना सकुबाईनं स्वतः कडेवर भाऊ घेऊनच हंगाम काढले होते. बाप नालायक असता तर भांडता तरी आलं असतं.

“दोनी ठेव,” ती म्हणाली.

“शाम रडंल.”

“रडू दे. माज्या कानांना सवय हाय.”

कमळूनं वर बघितलं. भिमी ट्रकमध्ये गाठोड्यावर बसली होती, शाम मांडीत. तिनं पोराचं टाळकं हुंगलं, आणि मग दोन्ही हातांनी त्याला खाली सकुबाईच्या हातात दिलं. अंजूनं वरून आपली आपण उडी मारली.

ट्रक सुरू झाला. तेवढ्यात दुसरीतली रंजिता ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून वाकली आणि तिनं विचारलं, “सकुमावशी, मी पन उतरू?”

उतर म्हणायला सकुबाईची जीभ वळली होती. पण एका खोलीचं घर, एकटीचं रेशन, आणि ट्रकमध्ये तशी अठरा पोरं. रंजिताची आई दुसरीकडे बघत होती. ट्रक रस्त्याला लागेपर्यंत सकुबाई काहीच बोलू शकली नाही, आणि ज्याचा तिला आयुष्यभर राग राहील असं काही असेल तर ते हेच.

ती तशीच शाळेत गेली. “आज चूल तुमी पेटवा,” तिनं गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी पेटवली, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. सकुबाई शामला कडेवर आणि अंजूला हाताशी घेऊन जीपनं तालुक्याला गेली.

कचेरीतल्या माणसानं कागद शोधला. तो मिळाला, अगदी वरच होता. “मावशी, यात घोटाळा आहे,” तो म्हणाला. “तुमच्या शाळेनं आधी निरंक कळवलंय आणि आता एकोणीस कळवतायत. दोन्हींचा मेळ बसत नाही. शाळेकडून खुलासा मागवावा लागेल. पुढच्या आठवड्यात या.”

“ट्रक आज सकाळी गेला,” सकुबाई म्हणाली, आणि समोरच्या बाकावर बसली.

शामनं रडायला सुरुवात केली. अंजूनं त्याला मांडीवर घेतलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं माना वर करून बघू लागली. शाम थांबेना आणि सकुबाई उठेना, तेव्हा तो माणूस वैतागला.

“अहो बाई, इथं बसून काय होणार? तुमची स्वतःची किती मुलं आहेत या यादीत?”

सकुबाईनं अंजूच्या डोक्यावर हात ठेवला.

“माजी ही एक,” ती म्हणाली. “बाकीची अठरा तुमची.”