वीस फुटांची दोरी
फक्कीने आखलेलं मैदान दिसलं, की मला तासगावजवळची आमची द्राक्षबाग आठवते. तिथे वीस फूट रुंद गोल विहीर काढायची होती. मी इंजिनिअरिंगला, म्हणून आखणी माझ्यावर सोपवून वडील फवारणीचं औषध आणायला गेले. मी मधोमध खुंटी ठोकली, वीस फूट दोरी ताणली आणि फक्की टाकत गोल फिरलो. जेसीबीवाला म्हणाला, “मालक, लय मोठी हुतीय ही.” मी फटकारलं, “गणित मला येतं.” वडील परतले तेव्हा घड लागलेल्या वेली मुळासकट आडव्या पडल्या होत्या. जेसीबीवाल्याने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “मीच सांगितली हुती तेवढी.” मग त्यांनी ती दोरी बरोबर निम्मी दुमडून माझ्या हातात दिली. आता साइटवर कुणी ‘साहेब’ म्हटलं, की जणू ती दोरी अजून हातात आहे आणि कुणाला दिसू नये, तशी मी मूठ मिटून घेतो.