झाडाखालचं रीडिंग

भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी सवडच मिळाली नाही. करंट आहे किंवा नाही, मधलं काही नसतं, हे आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. मी पेडण्यात वीजखात्याचा मीटर रीडर. एकदा घराचा नंबरच रीडिंग म्हणून लिहून आलेला, एवढा हुशार!

तेव्हा चाकाचे मीटर होते. वीज वापरली की आतलं अ‍ॅल्युमिनियमचं चाक फिरणार, ठरावीक फेऱ्या झाल्या की एक युनिट पुढे. चाळीसचा बल्ब पंचवीस तास जळला की एक युनिट. मागचा आकडा आताच्या आकड्यातून वजा करायचा... संपलं.

पार्स्यात डोंगरावर, काजूंच्या पलीकडे शेवंतीमावशी एकटीच राहायची. मुलगा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर. दर महिन्याला मी तिच्यासाठी बेकरीतले दोन उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन जायचो, ती कोकमाचं सरबत द्यायची. मी मीटरपाशी वाकलो की आतून विचारायची, "चाक फिरता मां रे?"

"फिरता गे मावशी."

"फिरता तवसर म्हातारी जिती म्हणान समज!"

एका मे महिन्यात चढण बघूनच पाय गळाले. पायथ्याच्या आंब्याखाली सायकल लावली आणि मागच्या ३४१२ मध्ये एकोणीस मिळवून ३४३१ लिहिलं. तिचा खप तेवढाच असायचा. याला आम्ही 'झाडाखालचं रीडिंग' म्हणायचो. उंडे? तेही झाडाखालीच संपवले. पुढच्या महिन्यात पाऊस होता... पुन्हा एकोणीस. ३४५०.

तिसऱ्या महिन्यात लाज वाटली म्हणून वर गेलो. चार उंडे घेऊन! दाराला कुलूप. खालच्या वाड्यावरचा बाबलो गुरं घेऊन आला.

"मावशी खंय?" मी विचारलं.

"तुका म्हायत नाय? गेली मरे ती. तुझ्या येवच्याच दिसा न्हाणयेत पडली. खिडकी उघडी ठेवल्यान, तू येतलो म्हणान. माका दुसऱ्या दिसा गावली. हॉस्पिटलात आठ दीस काढल्यान." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "तू इल्लंस नाय मां त्या दिसा?"

"रजेवर होतो," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मावशीला हॉस्पिटलात नेलं त्याच दिवशी बाबलोने मीटरमागचे फ्यूज काढून वळचणीला खोचले होते. मी हात घालून बघितले, दोन्ही तिथेच, कोळिष्टकात. म्हणजे मीटरला करंटच नाही. काचेवरची धूळ पुसली.

३४५०.

पहिला आकडा जुळला असता तर म्हटलं असतं, अंदाज बरोबर आला. पण दुसरे एकोणीस? ते मी लिहिले तेव्हा मावशी जाऊन तीन आठवडे झाले होते.

मीटर ऑफिसात आणून तपासला. बल्ब लावून, घड्याळ धरून फेऱ्या मोजल्या. निर्दोष. साहेब म्हणाले, "आकडा चुकून वाचला असशील. तू तोच ना, घराचा नंबर लिहिणारा?" सगळे हसले. मीही हसलो.

ते चाक कोणी फिरवलं, आजही मला सांगता येत नाही. झाडाखालचं रीडिंग मात्र त्यानंतर घेतलं नाही. कुठल्याही मीटरपाशी वाकलो की आतून कोणी काही विचारतंय का, म्हणून थांबायचो... आणि कोणी नसलं तरी हळूच सांगायचो, "फिरता गे मावशी."